कोल्ह्यांच्या घरी

लॅम्बर्ट ड्रायव्हर पर्थला निघाला तेव्हा
त्याची वेताची खुर्ची लोको शेडच्या फोरमननं नेली,
पियानो कोणीच घेतला नाही,
आणि कुत्री आली आमच्याकडे.
नाव जिंजर. दुपारपर्यंत
भुसावळच्या आमच्या गल्लीनं तिची झिंजरी केली.

गुडघ्याएवढीही नाही.
अंग पांढरं, एकच कान आल्याच्या रंगाचा,
शेपूट अर्धवट, जणू कुणी
वाक्य लिहिता लिहिता उठून गेलं.

सोबत कव्हर फाटलेलं एक पुस्तक होतं.
फालक सरांनी ओट्यावर बसून अर्थ सांगितला:
फॉक्स टेरियर. टेरा म्हणजे माती.
विलायतेत हिचे पूर्वज कोल्ह्याच्या बिळात शिरत,
घोडेस्वार त्यांना पिशवीत घालून नेत.
रंग पांढरा, म्हणजे बिळातून आधी कोण निघालं
हे बाहेरच्या कुत्र्यांना कळावं.
शेपूट मुठीएवढी,
आत अडकली तर धरून ओढायला.
"थोडक्यात," सर म्हणाले, "कोल्ह्यांचा काळ."

आई दारात, हाताला पीठ.
आमचं आडनाव कोल्हे.
"मंग हिले सांगू नोका," ती म्हणाली,
आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा टाकला.

झिंजरीला हुकूम लागू पडत नसे.
पिढ्यान् पिढ्या जमिनीखाली एकटीनं निर्णय घेतलेलं रक्त,
वर धनी काय ओरडतो
ते त्याला कसं ऐकू यावं?
मे महिन्यात, रूळ तापून डोळ्यांपुढे हलत,
तेव्हा ती माठाखालची ओल उकरून
आईच्या पुदिन्यासकट त्यात पोट टेकायची.
रागावलं की आणखी खोल.

बापू माल धक्क्यावर टॅली क्लार्क.
शेंगांची वॅगन उतरली त्या रात्री तिला घेऊन गेले.
सकाळी वहीत त्यांच्या अक्षरात:
शेंग ३१२ पोती. उंदीर ४१. तूट नाही.
साहेबानं मधली ओळ लाल शाईनं खोडली.
बापूंनी ती पुन्हा लिहिली.

एकदा तापीकाठी, कंडारीच्या अंगाला,
घुशीच्या बिळात ती कमरेपर्यंत गेली आणि थांबली.
मातीतून बारीक, चिडका आवाज.
बापू पालथे पडले, हात घातला;
समुद्रापलीकडच्या कुणा शिकाऱ्यानं
कधीकाळी केलेलं ते माप
त्यांच्या मुठीत नेमकं बसलं.
बाहेर आली ती पांढरी नव्हतीच.
शिंकली, आणि परत आत शिरू लागली.

मग त्या थंडीत रात्रभर घरी नाही.
केळीच्या बागेचा राखणदार लुकमान तडवी
पहाटे तिला खांद्यावर टाकून आला,
आल्याच्या रंगाचा कान मधोमध चिरलेला.
"खोकडाच्या बिळात होती," तो म्हणाला.
आई म्हणाली, "कोल्ह्याच्या."
"नाही वहिनी. कोल्हा मोठा. त्याचं हिचं काही नाही.
पुस्तकातलं ते खोकड.
मास्तरानं तुम्हाला उगाच गोवलं."

आत काय झालं, कुणास ठाऊक.
खोकडही जिवंतच होतं, पुढं कैकदा दिसलं.
झिंजरी बापूंच्या पावलांवर बसून राहिली,
आई हळद लावताना
पहिल्यांदाच तिला पुरं नाव घेऊन म्हणाली,
"झिंजरी कोल्हे, हालू नोको."

त्याला आता साठ वर्षं होत आली.
बापूंची वही माझ्याकडे आहे, पुस्तक वाळवीनं नेलं.

परवा स्टेशनाबाहेर, शेवभाजीच्या गाडीमागं
एक गावठी पिल्लू पाहिलं: तांबूस, लांब पायांचं,
लॅम्बर्टनं ओळखलं नसतं.
एक पाय तेवढा पांढरा.
शेपूट पुरती, कोणी न कापलेली,
मालकाच्या वाळूच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून
ते असं उकरत होतं
की गाडीवाला हाड म्हणाला, दोनदा म्हणाला,
आणि त्याला ऐकूच गेलं नाही.